सोळाशे साठचा खड्डा

आमच्या विभागात इन्फ्रारेडचं एक मशीन आहे. सगळे त्याला आयआर म्हणतात. ते नीट चालवता येणारे विभागात तिघंच, त्यातली एक मी. मी तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जेवढे तास तेवढा पगार आणि सुट्टीत काहीच नाही. पण त्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं त्यात मला त्या किल्लीचा जो ताठा होता त्याचा मोठा वाटा आहे.

घरात पदवी घेतलेली मी पहिली. आमचं घर डिंगोऱ्याला. वडील गेले, धाकटा भाऊ टोमॅटोचा पिकअप चालवतो आणि आई कांद्याच्या लागणीला जाते. लागणीचं काम ज्यानं केलंय त्यालाच ते माहीत. दिवसभर उकिडवं बसून मागं मागं सरकत एकेक रोप चिखलात खोचायचं. तीस हंगाम असं बसल्यावर गुडघ्याचं जे व्हायचं तेच आईचं झालं. सकाळी भिंत धरून उठायची, भिंत धरून चालायची. टोळीतल्या बायका तिला पिकअपच्या फळीवर दोन्हीकडून धरून चढवायच्या आणि म्हणायच्या, "चला, आपलं मंत्री चढलं गाडीत."

मग अडीच-तीन वर्षांपूर्वी तिला पुडी मिळाली.

आठवड्याच्या बाजारात एक माणूस प्लॅस्टिकचा कागद अंथरून बसायचा. समोर मुळ्या, साली, वाळलेली फळं मांडलेली आणि मागच्या पिशवीत कागदात बांधलेल्या पुड्या. सगळी मुळी आहुप्याच्या देवराईतली, असं तो सांगायचा. देवराईत कुऱ्हाड लावत नाहीत हे आमच्याकडं पोरालाही ठाऊक, त्यामुळं तिथली मुळी म्हटलं की बायकांना निम्मा गुण तिथंच यायचा. आई तशी सहज फसणारी नव्हे. आमच्या घरात अंगारा, गंडा, भगत यातलं काही चालत नाही. पण ती म्हणाली, "अंगारा न्हाई ह्यो, औषध हाय. कडू लागतं लई."

दोन दिवसांत आई भिंत न धरता उठली. आठवड्यात टोळीच्या पुढं चालायला लागली. मी सुट्टीला घरी गेले तेव्हा ती रस्त्यापर्यंत मला न्यायला आली होती. माझ्या हातातली पिशवीही तिनंच घेतली. त्या दिवशी मला त्या पुडीवाल्याच्या पाया पडावंसं वाटलं होतं, हेही लिहून टाकते.

वर्षभरात आईचं तोंड भरलं. गाल गोल झाले. वस्तीतल्या बायका मला म्हणायच्या, "तुझ्या पगारानं आय गुटगुटीत झाली बघ." मला बरं वाटायचं. जन्मभर खप्पड गालांची आई पाहिलेली, आता ती भरली तर आपल्या शिक्षणाचंच फळ, असं मी धरून चालले. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली मी आईच्या तोंडाकडं बघून वर्षभर खूश होते.

शंका आली ती तिच्या हाताकडं बघून. गेल्या दिवाळीत ती पणत्या पुसत होती. बांगडी वर सरकवली तर मनगटावरची कातडी बांगडीबरोबर निघाली, कांद्याचा पापुद्रा सुटावा तशी. दंडावर निळे डाग होते. मी विचारलं, "हे कधीपासून?"

"कशाला बघतीस? म्हाताऱ्या माणसाची कातडी हाय."

पणती तशीच पुसत राहिली. म्हातारी कुठली, पंचावन्नचीही नव्हती ती. डब्यातली एक पुडी मी तिच्या नकळत पर्समध्ये टाकली.

कॉलेज उघडल्यावर पहिल्याच दिवशी ती पुडी घेऊन मशीनपाशी बसले. आयआर काय करतं ते साध्या शब्दांत सांगते. कोणत्याही पदार्थात अणू एकमेकांना जोडलेले असतात आणि प्रत्येक जोड आपापल्या ठेक्यात हलत असतो. त्यावर डोळ्यांना न दिसणारा, उष्णतेच्या जातीचा प्रकाश सोडला की ज्याचा ठेका जुळतो तो जोड तेवढाच प्रकाश खातो. जिथं प्रकाश खाल्ला गेला तिथं कागदावरची रेघ खाली जाते, खड्डा पडतो. खड्डा कुठल्या आकड्याला पडला त्यावरून कुठला जोड आहे ते कळतं. मुलांना मी सांगते, मशीन नाव सांगत नाही, हालचाल सांगते. नाव आपण काढायचं.

पहिल्या आलेखात काहीच कळलं नाही. चौतीसशेच्या आसपास एक भलामोठा रुंद खड्डा, हजाराच्या आसपास दुसरा. कुठलंही वाळलेलं पान, मूळ, भुस्सा घाला, असंच येणार. आमचे विभागप्रमुख सर मागून डोकावले आणि म्हणाले, "मॅडम, झाडच आहे हे. झाडाचा आवाज मोठा असतो, त्यात बारीक बोलणारा ऐकू येणार नाही. आधी त्याला बाहेर काढा."

मग पूड क्लोरोफॉर्ममध्ये ढवळली, गाळली, काचेच्या वाटीत ठेवून वाळवली. झाडाचं बरंचसं वर गाळणीत राहिलं आणि वाटीच्या तळाशी पांढरट पापुद्रा उरला. देवराईतल्या मुळीतून इतकं पांढरं काही निघताना मी पाहिलं नव्हतं. तो खरवडला, पोटॅशियम ब्रोमाइडच्या कोरड्या पुडीत घोटला, दाबयंत्रात दाबून बटणाएवढी पारदर्शक चकती केली आणि मशीनमध्ये ठेवली.

या वेळी रेघ सतराशेच्या जरा वरच्या आकड्याला खाली कोसळली. पुन्हा उठली आणि सोळाशे साठला दुसऱ्यांदा कोसळली, पहिल्यापेक्षा खोल. त्याच्या शेजारी सोळाशे वीसला आणखी एक. कार्बन आणि ऑक्सिजनचा दुहेरी जोड सतराशेच्या आसपास दिसतो. शेजारी आणखी एक दुहेरी जोड असला की तोच सोळाशे साठपर्यंत खाली उतरतो. म्हणजे असे जोड, कार्बोनिल म्हणतात ते, दोन वेगळे होते आणि त्यातला एक अशा शेजाराचा. मी ज्या प्रश्नपत्रिका तपासते त्यात हा प्रश्न असतो. खरं सांगते, मला आतून आनंद झाला.

सर म्हणाले, "स्टेरॉइड वाटतंय. पण वाटण्यावर जाऊ नका. त्याच जातीची गोळी आणून शेजारी ठेवून बघा."

डेक्सामेथासोनची गोळी आणली, तिचंही तसंच केलं आणि दोन कागद एकावर एक धरून खिडकीशी उभी राहिले. पंधराशेच्या खालचा भाग म्हणजे पदार्थाच्या बोटांचे ठसे. लहानसहान खड्ड्यांची तिथं गर्दी असते आणि ती दोन पदार्थांची सहसा सारखी नसते. इथं खड्ड्यावर खड्डा बसत होता.

सर म्हणाले, "कोर्टात हे चालणार नाही, त्याला आणखी तपासण्या लागतात. पण आपल्यापुरतं पुरे आहे. घरी काही सांगायच्या आधी एखाद्या डॉक्टरला दाखवा."

सर नेहमीच असं काहीतरी दाखवा, विचारा म्हणतात. मी मान हलवली. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि शनिवारी थेट घरी गेले.

आई चुलीपुढं होती. तिच्यापुढं कागद पसरला. तिनं हात पदराला पुसले आणि कागद फिरवून फिरवून पाहिला.

"ह्यो डोंगर उलटा का काढलाय?"

"डोंगर नाही आई. तुझी पुडी आहे ती."

मी तिला सगळं सांगितलं. देवराई नाही, मुळी नाही, दवाखान्यातली गोळी कुटून घातलीये. त्या गोळीनंच तोंड सुजलंय, कातडी पातळ झालीये, हाडंही आतून पोकळ करते ती, साखर वाढवते.

"पर गुडघा तर दुखायचा ऱ्हायला," आई म्हणाली.

"राहिला म्हणून तर लोक घेतात ना!"

"मंग त्यात वाईट काय झालं? दुखत व्हतं, आता न्हाई दुखत. तुझ्या कागदात दुखणं दिसतं का कुठं?"

भाऊ दारात चप्पल काढत होता. तो म्हणाला, "आये, ताईनं एवढी मशीन लावली, आता तरी ऐक. उगं तिच्या डिगरीचा कचरा नको करू."

आता आमच्या घरची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. आजोबांनी धम्म घेतला त्या दिवशी घरातले देवांचे टाक, दिवटी, परडी सगळं एका पाटीत भरलं आणि नदीत नेऊन सोडलं. आजी म्हणाली होती, एखादा तरी राहू द्या, पोरांची भीती वाटते. त्यांनी एकही मागं ठेवला नाही. वडिलांनी तंबाखू सोडली तीही अशीच, दुपारी डबी फेकली ती फेकली. खोटं कळलं की ते एका दिवसात सोडायचं, थोडं थोडं सोडणारा माणूस सोडतच नाही, हे आमच्यात अभिमानानं सांगतात. मीही सांगत आले.

आई उठली. फळीवरचा डबा काढला आणि सगळ्या पुड्या चुलीत ओतल्या. कडवट धूर घरभर झाला.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

मला एवढं बरं वाटलं की डोळे भरून आले. आजोबांची सून शोभते, असं मी तिला म्हणालेसुद्धा.

सोमवारी फोनवर आई म्हणाली, "अंग लई गळाठलंय. गुडघं तर पेटल्यागत झाल्यात."

मी मधल्या सुट्टीत होते, हातात मुलांच्या जर्नल्सचा गठ्ठा होता. मी म्हणाले, "सवय लागली होती आई, ती मोडतीये. दोन दिवस सोस."

हे वाक्य मी माझ्या तोंडानं बोलले. ती बरं म्हणाली.

मंगळवारी तिला उलट्या झाल्या. भावानं विचारलं तर मी लिंबू-साखर-मीठ द्यायला सांगितलं, पित्त असेल म्हणाले. बुधवारी सकाळी भावाचा फोन आला तेव्हा तो ओरडत होता. "ताये, आय उठंनाय! हाक मारतोय तर नुसती बघती. काय करू, बोल लवकर!"

त्यानं पिकअपमधले क्रेट अंगणातच उतरवले आणि तिला गादीवर घालून नारायणगावला एका दवाखान्यात आणलं. आमचं कॉलेज मंचरला; तिथून मी पोचले तेव्हा सलाइन लागलं होतं. आईचा हात धरला, तो गार होता. डॉक्टर तरुण होते, घाईत विचारत होते.

"बीपी लागत नाहीये. साखर खाली आलीये. काही औषध चालू होतं का?"

"चालू होतं. मी बंद केलं," मी म्हणाले आणि पर्समधून कागद काढला. आईची ती अवस्था आणि मी त्यांना सोळाशे साठचा खड्डा दाखवत होते. त्यांनी कागदाकडं पाहिलंच नाही.

"स्टेरॉइड? किती दिवस घेत होत्या?"

"दोन वर्षं."

"बंद कधी केलं?"

"शनिवारी."

"कसं, कमी करत करत?"

"एकदम."

ते सिस्टरकडं वळून इंजेक्शनचं नाव सांगून मोकळे झाले होते. नंतर, आईचं बीपी लागायला लागल्यावर, त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून समजावलं. शरीर हे द्रव्य स्वतः बनवतं. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर ते बनवायचं थांबवतं. दोन वर्षं बंद पडलेलं काम चार दिवसांत सुरू होत नाही. म्हणून ते पायरी पायरीनं उतरवायचं असतं, महिनोन्‌महिने.

"तुम्ही ओळखलंत हे बरं झालं," ते म्हणाले. "नाहीतर आम्ही शोधत बसलो असतो."

माझी समजूत काढत होते. मी ओळखलं नसतं तर ती त्या खाटेवर आलीच नसती, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. सोळाशे साठला काय असतं हे मला झोपेतून उठवून विचारा. त्या जोडाचं माझ्या आईच्या अंगात काय चालतं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. सरांनी सांगूनही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई शुद्धीवर नीट आली. मी पाणी घेऊन आत जात होते तर ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, "माझी लेक. कॉलेजात मास्तरीण हाय. मशिनीत घालून पुडी पकडली तिनं. कुणाला म्हणून सापडली नव्हती." तिच्या आवाजात कौतुक होतं. मी दारातच उभी राहिले. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

आठवड्यानं तिला घरी आणलं. डॉक्टरांनी मोजून गोळ्या दिल्या, त्याच जातीच्या. म्हणजे जे मी चुलीत घालायला लावलं तेच आता मी स्वतः तिच्या तळहातावर ठेवत होते, फक्त चिठ्ठीवर लिहून आणि दर काही आठवड्यांनी थोडं कमी करत. आणि दर वेळी कमी केलं की गुडघे परत पेटायचे. आई भिंत धरायला लागली. मग खाली बसणंच बंद झालं. भावानं तिला प्लॅस्टिकची खुर्ची आणली. तिच्यावर बसून ती दारातून टोळीची गाडी जाताना बघायची.

मी गप्प बसले असं नाही. सरकारी औषध खात्याकडं तक्रारीचा अर्ज दिला, तर तिथले लोक पुडी पाहिजे म्हणाले, तीही रीतसर सील केलेली. पुड्या चुलीत गेल्या होत्या आणि काचेची वाटी मी त्याच दिवशी घासून ठेवली होती. मग बाजारात गेले. तो माणूस तिथंच बसला होता, समोर सात-आठ बायका. मला बघून हसून म्हणाला, "या मॅडम, गुडघा का कंबर?"

"यात स्टेरॉइड आहे," मी मोठ्यानं म्हणाले. "मी मशीनवर तपासलंय."

"आहुप्याच्या देवराईतली मुळी हाय ताई. तुमच्या मशिनीला जंगल कळतं व्हय?"

बायका हसल्या. त्यातल्या दोघी आमच्याच गावच्या होत्या. पुरावा म्हणून एक पुडी विकत घ्यायला मी हात पुढं केला, तर तो हात जोडून म्हणाला, "तुमच्यासारख्यांना न्हाई देत. विश्वास लागतो औषधाला."

वस्तीत निम्म्या बायका ती पुडी घेतात हे तोवर कळलं होतं. मी आमच्या ओट्यावर त्यांना गोळा केलं. आधी डॉक्टरकडं जा, एकदम मात्र सोडू नका, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. शेजारची चुलती कमरेवर हात ठेवून ऐकत होती. ती म्हणाली, "बाय, तुझ्या आयनं घेतली तवर पळत व्हती. सोडली आन मरता मरता वाचली. आता तूच सांग, इख कशात हाय? घेण्यात का सोडण्यात?"

"दोन्हीत," मी म्हणाले.

"मंग घेतलेली काय वाईट!"

सगळ्या हसल्या. खुर्चीत बसलेली आईपण हसली. चुलती खोटं बोलत नव्हती, तिनं जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगत होती. त्या पुडीवाल्याची जाहिरात मी माझ्या आईला खाटेवर घालून केली होती.

परवाच्या रविवारी घरी गेले. डॉक्टरांनी अर्धी गोळी पाव केल्याला महिना होत आला होता. गोळी कमी केली की ती अंथरुणातून उठायलाही रडायची, म्हणून मी पहाटेची एसटी पकडून आले. अंगणात आले तर खुर्ची भिंतीला उलटी टेकवून ठेवलेली. आई खाली बसून, उकिडवी बसून, लसूण सोलत होती. मला बघून टुणकन उठली. "आलीस व्हय? बस, च्या टाकते." आणि भिंतीला हात न लावता आत गेली.

मी ओट्यावर बसून राहिले. आतून स्टोव्हचा, भांड्यांचा आवाज येत होता. ती इकडून तिकडं फिरत होती, पावलं पटपट पडत होती. शेजारी चुलतीचं दार उघडं होतं. आमच्या फळीवर पुड्यांचा डबा होता की नव्हता ते मी उठून पाहिलं नाही. पुडी सापडली असती तर सोमवारी मशीनमध्ये घालता आली असती, आणि रेघ कुठं कुठं खाली जाईल ते मला न घालताच सांगता येत होतं.

ती चहा घेऊन आली. गालाकडं बघू नये असं ठरवूनही मी बघितलं.

"सकाळची गोळी घेतलीस?"

"घेतली की. चिठ्ठीपरमाणं."

"आणि?"

"आन काय? च्या घे, निवंल."

कप हातात धरून मी बसले. ओरडता आलं असतं. भावाला बोलावता आलं असतं, डबा उपसता आला असता. पण उपसून ओतणार कुठं? ती माझं ऐकणारी होती, हीच भीती होती. मी टाक म्हणाले तर ती आत्ताच्या आत्ता टाकेल, एकही मागं ठेवणार नाही.

"आई," मी म्हणाले, "उद्या आपण डॉक्टरांकडं जाऊ. मी रजा टाकते."

"कशापायी? बरी हाय मी."

"बरी आहेस म्हणूनच. आणि तोवर जे काय घेत असशील, ते एकदम बंद करू नको."

ती लसणाच्या पाकळ्या ताटलीत गोळा करत होती. तिनं वर पाहिलं नाही. ताटली बाजूला सरकवत म्हणाली, "बरं. तू म्हणतीस तर न्हाई करत."